काळ्या टी-शर्टचे सुतक

कोल्हापुरात दिवंगत व्यक्तीचे स्मरण करण्याच्या रीती इतक्या पक्क्या ठरलेल्या आहेत की मरणाऱ्याला त्यांची काळजी करण्याचे कारण उरत नाही. माणूस पेठेतला असेल तर दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या आत चौकात ‘डिजिटल’ लागते, म्हणजे फ्लेक्सवर छापलेला तो मोठा फलक, ज्याच्या एका कोपऱ्यात समई, दुसऱ्या कोपऱ्यात मावळता सूर्य, मध्ये कुठल्याशा लग्नातल्या गर्दीतून कापून घेतलेला मृताचा हसरा फोटो आणि तळाशी ‘शोकाकुल’ या शब्दाखाली त्याहून अधिक जागा व्यापणारे जिवंतांचे फोटो असतात. फुटबॉल खेळणारा असेल तर शाहू स्टेडियमवर सामन्याआधी दोन्ही संघ मान खाली घालून उभे राहतात आणि मग शिट्टी वाजताच एकमेकांच्या पायावर जातात. गवई असेल तर १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबात त्याच्या नावाने मैफल होते. आणि साक्षात राजर्षी शाहू महाराजांचे स्मरण असेल तर सगळे शहर थांबते, जसे ते ६ मे २०२२ रोजी स्मृतिशताब्दीला सकाळी दहाच्या ठोक्याला १०० सेकंद थांबले होते. एवढ्या चोख व्यवस्थेत एकाच प्रकारच्या मृताची सोय राहून गेलेली आहे, आणि तो म्हणजे हेवी मेटल वाजवणारा अमेरिकी गिटारवादक.

ही गैरसोय दरवर्षी २ मे रोजी जाणवते. २०१३ साली याच तारखेला स्लेअर या बँडचा गिटारवादक जेफ हॅनमन वयाच्या ४९व्या वर्षी वारला, आणि राजारामपुरी, संभाजीनगर, कसबा बावडा अशा भागांत विखुरलेले त्याचे मोजके चाहते त्या दिवशी दुखवटा पाळतात. तो पाळला जात आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दुखवट्यासाठी अंगावर चढणारा काळा टी-शर्ट हाच या मंडळींचा बारमाही पोशाख असतो आणि तो भर उन्हाळ्यात अंबाबाईच्या दर्शनरांगेतही उतरत नाही. त्यावर छापलेले बँडचे नाव बहुधा अशा काटेरी अक्षरांत असते की ते वाचता येणे हेच चाहतेपणाचे पहिले प्रमाणपत्र ठरते. घरच्यांची हरकत असते ती फक्त सणासुदीला काळे घालण्याला; छातीवरच्या कवटीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

हेवी मेटल म्हणजे १९७०च्या सुमारास इंग्लंडात आकाराला आलेला रॉक संगीताचा एक जड प्रकार. त्यात विजेवरच्या गिटारचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत ताणला जातो, आणि या फाटण्याला डिस्टॉर्शन म्हणतात. ज्या दोषापायी लग्नघरचे यजमान साउंडवाल्याचे पैसे कापून घेतात, तोच दोष इथे हजारो रुपये मोजून वेगळ्या यंत्रासह विकत आणला जातो. या फाटक्या आवाजात पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा एक ठसठशीत तुकडा असतो, ज्याला रिफ म्हणतात आणि ज्याचे काम पुष्कळसे ख्यालातल्या मुखड्यासारखे असते, म्हणजे कितीही भटकले तरी परतायचे ते याच ठिकाणी. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या जड संगीताला पंक नावाच्या दुसऱ्या, अधिक चिडक्या संगीताची गती जोडली आणि त्यातून थ्रॅश हा पोटप्रकार निघाला, ज्याचे मेटॅलिका, मेगाडेथ, अँथ्रॅक्स आणि स्लेअर हे चार बडे ठेकेदार मानले जातात. १९८१ साली केरी किंग याच्याबरोबर स्लेअरची स्थापना करणाऱ्या हॅनमनचे ऐतिहासिक कार्य हे की त्याने या बँडला पंकचा नाद लावला, आणि त्यानंतर त्यांच्या वेगाला आवर घालणे कोणालाच जमले नाही.

या वेगाचे प्रमाण हवे असेल तर ऑक्टोबर १९८६मध्ये आलेला ‘रेन इन ब्लड’ हा अल्बम पाहावा. त्यात १० गाणी आहेत आणि ती सगळी मिळून २९ मिनिटांत आटोपतात. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकाला २९ मिनिटे दिली तर तो विलंबित ख्यालात नुकता कुठे रंगू लागलेला असतो. तेवढ्या अवधीत या चौघांनी खून, नरक, साथीचे रोग आणि मरणोत्तर अवस्था एवढे विषय हातावेगळे केलेले असतात. हा अल्बम इतका आखूड होता की कॅसेटच्या एकाच बाजूवर संपूर्ण मावला, तेव्हा दुसऱ्या बाजूचे करायचे काय या प्रश्नावर काढलेला तोडगा असा की तिथेही तोच अल्बम पुन्हा भरला. एकाच पैशात एकच वस्तू दोनदा मिळण्याची ही योजना गुजरीतल्या कोणत्याही व्यापाऱ्याला आवडली असती.

हॅनमनची गिटारवरची एकल कामगिरी, म्हणजे सोलो, हा त्याच्या भक्तांमध्येही वादाचा विषय आहे. गिटारला एक लहानसा धातूचा दांडा बसवलेला असतो, जो दाबला की सगळ्या तारा एकदम ढिल्या पडून सूर खाली घसरतो आणि ओढला की वर चढतो. या दांड्याचा उपयोग इतर वादक चवीपुरता करतात, हॅनमन मात्र तो दुचाकीच्या किकसारखा वापरी. त्यातून निघणाऱ्या किंकाळ्यांमध्ये कोणता राग आहे असे शास्त्रीय संगीताच्या जाणकाराने विचारले तर चाहता प्रामाणिकपणे ‘खराखुरा’ असे उत्तर देतो. विषयांच्या बाबतीत मात्र चाहत्याची पंचाईत होते. हॅनमनने लिहिलेले ‘एंजल ऑफ डेथ’ हे गाणे ऑशविट्झच्या छळछावणीतील योझेफ मेंगेले या क्रूर डॉक्टरवर आहे आणि त्यात उघड निषेध नसल्याने बँडवर नाझीप्रेमाचा आरोप झाला, जो त्यांनी कायम नाकारला; हॅनमनला युद्धातली जर्मन पदके जमवण्याचा छंद होता आणि त्याची सुरुवात नॉर्मंडीत लढलेल्या वडिलांनी आणलेल्या पदकांपासून झाली होती. छंद म्हणून हे फारसे शोभादायक नाही, हे मान्य करायला हरकत नसावी. कोल्हापूरचा चाहता या मुद्द्याचे समर्थन करत नाही आणि खंडनही करत नाही. तो चहा मागवतो.

या शोकाला एक खास स्थानिक किनार आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरील स्थानामुळे कोल्हापूरच्या मेटल चाहत्याला बेंगळुरू हे एका रात्रीचे तीर्थक्षेत्र वाटत आले आहे. मार्च २००७मध्ये आयर्न मेडन आणि ऑक्टोबर २०११मध्ये मेटॅलिका तिथल्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले, आणि ऑक्टोबर २०१२मध्ये स्लेअरही बेंगळुरूला आले. हायवेवर तावडे हॉटेलपाशी खासगी बस पकडणे किंवा राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसणे एवढेच काय ते करायचे होते. पण मंचावर हॅनमन नव्हता. २०११च्या सुरुवातीला त्याच्या हाताला मांस कुजवणारा भयंकर जंतुसंसर्ग झाला होता, ज्याचा उगम कोळी चावण्यात असल्याचे त्या वेळी सांगितले गेले, आणि त्याच्या जागी एक्झोडस या बँडचा गॅरी होल्ट वाजवत होता. सात महिन्यांत हॅनमन गेलाच. त्यामुळे बेंगळुरूला जाऊन आलेल्या कोल्हापूरकराची अवस्था मोठी चमत्कारिक झालेली असते, कारण त्याने देऊळ पाहिले, गाभाऱ्यात शिरला, आणि देव नेमका परगावी होता. पुढे मृत्यूचे कारण मद्यामुळे झालेला यकृताचा आजार असल्याचे जाहीर झाले, तरी चाहत्यांच्या सांगण्यात कोळी अजून जिवंत आहे; भल्या माणसाच्या मरणाचे कारण त्याला शोभेसे असावे, हा आग्रह पेठेतल्या पारावरही असाच धरला जातो.

मृत्यूची बातमी घरात पोहोचण्याचा प्रसंगही अभ्यासण्याजोगा असतो. मे महिन्याच्या सकाळी मुलगा जेवायला नको म्हणतो, तेव्हा स्वयंपाकघरातून चौकशी सुरू होते.

“कोण वारलंय रं?”

“स्लेअरचा हॅनमन.”

“कुठला म्हणायचा?”

“अमेरिकेचा. गिटार वाजवायचा.”

“वय काय हुतं?”

“एकोणपन्नास.”

“आगं बया, म्हंजे तुझ्या मामाच्या वयाचा की! मागं कोण कोण हाय त्याच्या?”

या ठिकाणी चाहता निरुत्तर होतो. त्याला हॅनमनच्या गिटारची कंपनी ठाऊक असते, तारा किती उतरवून लावल्या आहेत ते ठाऊक असते, हायनेकेन या बिअरच्या चिन्हात अक्षरे बदलून गिटारवर स्वतःचे नाव रंगवून घेतल्याचेही ठाऊक असते. मागे कोण आहे हे मात्र त्याला मोबाइलमध्ये शोधावे लागते. तेव्हा असे दिसते की बँडने काढलेले निवेदन आणि स्थानिक वृत्तपत्रातील निधनवार्ता यांचा नमुना एकच आहे: त्यांच्या पश्चात पत्नी, एक बहीण, दोन भाऊ असा परिवार आहे. हे ऐकून माऊली परातीतले पीठ तसेच ठेवून विचारते, “आन त्या बाईचं आता कोण बघणार?” जगभरच्या संगीतसमीक्षकांनी त्या आठवड्यात हॅनमनवर रकाने भरून लिहिले, पण हा प्रश्न उपस्थित करण्याचा मान कोल्हापूरकडेच जावा असे वाटते.

चाहत्याची स्वतःविषयी अशी समजूत असते की आपण या शहराच्या परंपरेबाहेरचे, बंडखोर आणि एकाकी आहोत. वस्तुस्थिती अशी की त्याच्या शोकातली प्रत्येक सवय याच शहरातल्या गाणेवेड्या माणसाने त्याच्या आधी लावून ठेवलेली आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते; महाराज १९२२ साली निवर्तल्यावर ते मुंबईला गेले आणि तिथेच १९४६ साली वारले. तेव्हापासून गादीचा खरा वारस कोण, खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ अकाली गेले नसते तर काय झाले असते, त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांची तालीम शुद्ध की शिष्या केसरबाईंचा आवाज मोठा, दुसऱ्या शिष्या मोगूबाईंची लयकारी वरचढ की आणखी कोणाची, या वादांवर कोल्हापुरात किती पाने चुना लावून खाल्ली गेली असतील त्याची गणती नाही. स्लेअरचा चाहता हेच करतो, फक्त पानाऐवजी वडापावावर. गॅरी होल्टला उसना मानायचे की वारस, हॅनमनशिवाय बँडने २०१५ साली काढलेला अल्बम घराण्यात धरायचा की नाही, नोव्हेंबर २०१९मध्ये लॉस एंजेलिसला अखेरचा कार्यक्रम करून निवृत्त झालेली मंडळी २०२४ साली पुन्हा मंचावर चढली हा घराण्याचा उद्धार की वचनभंग, यावर तट पडतात, आणि दोन्ही तट मूळ पुरुषाचे नाव घेताना सारखेच हळवे होतात. ज्येष्ठ रसिक उस्तादाचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावतो. मेटलवाला पहिले बोट आणि करंगळी ताठ करून शिंगे दाखवतो. ही शिंगे सैतानाची खूण म्हणून बदनाम आहेत, पण ती मंचावर रूढ करणाऱ्या रॉनी जेम्स डिओ या गायकाने ती आपल्या इटालियन आजीकडून उचलली होती आणि आजी ती वाईट नजर परतवण्यासाठी वापरत असे. म्हणजे हे हत्यार मीठ-मोहरी ओवाळण्याच्याच खात्यातले निघते.

घराण्यांच्या उगमाकडे पाहिले तर हे साम्य अधिकच दाट होते. असे सांगतात की अल्लादिया खाँ तरुण असताना एका संस्थानिकाच्या आग्रहाखातर दिवसचे दिवस गात राहिले आणि त्यात त्यांचा मूळचा आवाज कायमचा बसला. मग जो जड, खरबरीत आवाज उरला त्याला साजेशी, पेचदार तानांची आणि लयीला धरून चालणारी गायकी त्यांनी नव्याने रचली, आणि ती घराण्याची ओळख झाली. हेवी मेटलचा मूळ पुरुष टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चढवले, पुढे तारा उतरवून ढिल्या लावल्या, आणि त्या ढिल्या तारांमधून जो घोगरा, अंधारा स्वर निघाला त्यातून ब्लॅक सॅबथ या बँडचे आणि पर्यायाने सगळ्या हेवी मेटलचे घराणे उभे राहिले. एकाचा गळा गेला, एकाची बोटे गेली, आणि उरले तेवढ्यात दोघांनी संसार थाटला.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. बर्मिंगहॅममध्ये जे होते ते सगळे कोल्हापुरातही आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या गल्ल्यांत लेथ आणि प्रेस दिवसभर ठोकत असतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या आहेत, म्हणजे भट्टीत लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, जिथला ओतारी पाळी संपवून घरी येतो तेव्हा त्याच्या कानात आधीच एक अल्बम वाजत असतो. यंत्रात बोट गमावलेले कारागीरही इथे काही कमी नाहीत. मग हे संगीत उद्यमनगरात का जन्मले नाही? गिटार परवडत नव्हती हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. खरे कारण असे दिसते की इथली आवाजाची भूक आधीच भागलेली होती. खासबाग मैदानात कुस्ती लागली की हलगी, घुमकं आणि कैताळ यांचा जो कडकडाट उठतो, त्यातला हलगीवाला चामडे शेकोटीवर तापवून इतके ताणून घेतो की स्लेअरचा एके काळचा नामांकित ढोलवादक डेव्ह लोंबार्डो याची दोन पायांनी वाजवलेली धडधड ऐकवल्यास तो फार तर “पाय बरं चालत्यात” एवढी पोच देईल. संगीताच्या तालावर मान झोकून केस उडवण्याला मेटलच्या परिभाषेत हेडबँगिंग म्हणतात आणि पाश्चात्त्य पालक त्याने घाबरून गेले होते. ज्या मुलखात ढोलाच्या ठेक्यावर केस मोकळे सोडून घुमणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली आहेत, तिथे शेजारीण फक्त दाराआडून विचारते की वार कोणता आहे.

यातूनच कोल्हापुरातील मेटल चाहत्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य निर्माण झाले आहे, ते म्हणजे तो शहरातला सर्वांत शांत श्रोता आहे. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मुभा आहे, परंतु विसर्जन मिरवणुकीत महाद्वार रोडवर ‘डॉल्बी’ लागला की, म्हणजे ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत सुरू झाली की, दुतर्फा खिडक्यांची तावदाने आणि बघ्यांच्या बरगड्या एकाच सुरात थरथरतात. (ज्या रे डॉल्बी यांचे नाव या भिंतीला पडले आहे, त्यांची कीर्ती ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे झाली, हे त्यांच्या कानावर गेले नसावे अशी आशा आहे.) तिथे वाजत असते ते बहुधा भक्तिगीत किंवा लावणी, मूळची गोड आणि नाजूक रचना. पृथ्वीतलावरचे सर्वांत कर्कश समजले जाणारे संगीत ऐकणारा माणूस मात्र त्याच वेळी कानात इअरफोन घालून, कोणाच्याही झोपेला धक्का न लावता, गॅलरीत मान हलवत उभा असतो. त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार गेल्याचे उदाहरण सापडणे कठीण. शेजारी त्याच्या आईला सांगतात की पोरगं गुणाचं आहे, फक्त मानेचं काहीतरी दाखवून घ्या.

वर्षातून एकदा, २ मे रोजी, हा नियम शिथिल होतो आणि श्राद्धाचा भाग म्हणून ‘रेन इन ब्लड’ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लहान स्पीकरवर लावला जातो. तीन-चार जण एकाच्या घरी जमतात. हार घालावा असा फोटो नसतो, कारण जो आहे त्यात हॅनमन बिअरच्या डब्यासह आहे आणि तो देवघराजवळ लावणे प्रशस्त वाटत नाही. बिअर परवडते त्यांनी बिअर आणावी असा संकेत असला तरी घरी आजी असल्याने सोलकढीवर भागवले जाते. सगळे सुरळीत चालते ते नवव्या गाण्यापर्यंत. अखेरचे ‘रेनिंग ब्लड’ हे गाणे ढगांच्या गडगडाटाने आणि पावसाच्या सरींनी सुरू होते, आणि मेचा पहिला आठवडा हा कोल्हापुरात वर्षाच्या चटणीसाठी गच्चीवर मिरची वाळत घालण्याचा आणि त्याच वेळी वळवाने दगा देण्याचा काळ असतो. त्यामुळे स्पीकरमधून पहिला गडगडाट उठताच आतल्या खोलीतून “आरं मिरच्या!” अशी आरोळी येते आणि आई, काकू आणि शेजारीण अशा तिघी जिन्याने धावत सुटतात. गिटार सुरू होते तेव्हा वर कडकडीत ऊन असते आणि तीन बायका संकेश्वरी मिरच्यांचे अर्धे गोळा केलेले धडपे हातात धरून आकाशाकडे पाहत असतात. त्यानंतर गच्चीवरून हॅनमनविषयी जे बोलले जाते ते श्रद्धांजलीत मोडत नाही. अल्बमही पावसाच्याच आवाजाने संपतो, परंतु तोवर त्या आवाजावरचा घरातल्यांचा विश्वास उडालेला असतो. आणि एखाद्या वर्षी तेवढ्यात खराखुरा वळीव आला, तर मिरच्या भिजल्याचा दोष कोणाच्या माथी जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

एवढ्यावरही तारखेचा वाद शिल्लक आहेच. हॅनमन दक्षिण कॅलिफोर्नियात सकाळी ११च्या सुमारास वारला, तेव्हा कोल्हापुरात रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे २ मे संपायला अर्धा तास अवकाश होता. पण बातमी इथे कळली ती ३ तारखेच्या सकाळी, त्यामुळे एक गट सुतक कळल्यापासून धरतो आणि ३ मे रोजी जमतो. आजीचे मत दोन्हीहून वेगळे असून पुण्यतिथी तारखेने नव्हे, तिथीने करावी असे ती ठामपणे सांगते, आणि वेळ कोणत्या गावची धरायची ते आधी ठरवा म्हणून पंचांग मागते. ते अद्याप ठरलेले नाही. दरम्यान दोन्ही गट दोन्ही दिवशी एकमेकांकडे जेवायला जातात, कारण एका घरी तांबडा रस्सा चांगला होतो आणि दुसऱ्या घरी पांढरा.